शोकगृहीं ख्रिस्ती मनुष्यानें काय बोलावें?

खेड्यांतील मंडळ्यांची सेवा करणाऱ्या आमच्या बोधकबंधूंस ज्या कामाची सर्वांत अधिक धास्ती वाटते, तें काम प्रवचन करण्याचें नव्हे, कीं वर्गणी गोळा करण्याचेंही नव्हे. ज्या घरीं मृत्यु झाला आहे त्या घराच्या उंबऱ्यांतून आंत पाऊल टाकणें, हें तें काम होय. दारांत चपला पडलेल्या असतात, आंतून रडण्याचा आवाज येत असतो, आणि बोधक दिसतांच सर्वांचे डोळे त्याच्याकडे वळतात, कीं आतां हा कांहीं तरी बोलेल. काय बोलावें? कांहींच न बोललें तर हा धर्मसेवक कशाचा, असें लोक म्हणतील अशी भीति वाटते. आणि बोलावें तर जें तोंडीं येतें तें आपलें आपल्यासच पोकळ वाटतें. ह्या प्रश्नाचा विचार आज आम्ही आमच्या वाचकांपुढें मांडूं इच्छितों. हा केवळ रीतिभातीचा प्रश्न नाहीं. हा सत्याचा व प्रीतीचा प्रश्न आहे. दुःखी मनुष्यास बरें वाटावें म्हणून आपणांस ठाऊक नसलेली गोष्ट सांगावी, हा एक मोह. आणि जें सत्य आपण मानतों तें त्याच्या ओल्या जखमेवर मिठासारखें चोळावें, हा दुसरा. ह्या दोहोंच्या मधून सरळ वाट कशी काढावी?

आम्ही ह्याविषयीं लिहितों तें विद्वत्तेच्या जोरावर नव्हे, तर आमच्या हातून घडलेल्या एका चुकीची आठवण ठेवून.

ठाण्याच्या खाडीच्या बाजूस, कोपरखैरण्याला लागून, बोनकोडे नांवाचें गांव आहे. पूर्वीं ह्या पट्टींतील आगरी व कोळी लोक भातशेती, मिठागरें व खाडींतील मासळी ह्यांवर आपलें पोट भरीत. १९७० सालीं सिडको ही संस्था निघाली, ठाणें, पनवेल व उरण ह्या भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नव्या मुंबईकरितां घेण्याचें ठरलें, आणि जेथें भात डुलत होतें तेथें वसाहती उभ्या राहिल्या. गांवठाणांत आतां घराला घर चिकटलें आहे, मजल्यावर मजला चढला आहे, आणि त्या घरांतील खोल्यांतून अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर), जालना, बीड, सोलापूर अशा जिल्ह्यांतून पोटासाठीं आलेलीं माणसें भाड्यानें राहतात. आमच्या खेड्यांतील मंडळ्यांचीं मुलेंही त्यांत आहेत.

अशाच एका खोलींत आमच्या ओळखीचें एक कुटुंब राहत असे. बाई बाप्तिस्मा घेतलेली, प्रार्थनाशील. नवरा कारखान्यांत कामास; मोठा गरीब स्वभावाचा. तो उपासनेला येई, परंतु दाराशीं बसे. बाप्तिस्म्याविषयीं विचारलें म्हणजे म्हणे, "भावांची समजूत पडूं द्या, मग घेतों." भावांची समजूत पडण्यापूर्वींच एके रात्रीं कामावरून परत आल्यावर त्याच्या छातींत कळ आली, आणि पहाट होण्याच्या आंत तो गेला. भावांनीं प्रेत गांवीं नेलें व आपल्या रीतीप्रमाणें अग्नि दिला. पुढें थोड्या दिवसांनीं ती बाई, मुलांची शाळा व नवऱ्याच्या कामाचा येणें पैसा ह्यांसाठीं, पुन्हां त्या खोलींत आली. त्या सुमारास आम्ही मुंबईस एका कामानिमित्त गेलों होतों, तेव्हां तिच्या सांत्वनासाठीं बोनकोडे येथें गेलों.

ती भिंतीला टेकून बसली होती. धाकटा मुलगा मांडीवर होता. मंडळींतील दोन-चार माणसें जमलीं होतीं. आम्ही स्टुलावर बसलों, शास्त्र उघडलें, आणि पुनरुत्थान, धीर, देवाची इच्छा ह्या विषयांवर पाऊण तास बोललों. आम्ही जें बोललों त्यांत शिकवणुकीच्या दृष्टीनें फारसें चुकीचें नव्हतें. बाई जमिनीकडे पाहत होती. तिचे डोळे कोरडे होते, आणि आम्हांस वाटलें कीं आमच्या बोलण्यानें तिला धीर आला.

इतक्यांत घराची मालकीण आंत आली. ती आगरी समाजाची, वयानें पोक्त, आमच्या धर्माची नव्हे. तिच्या हातांत झांकलेलें भांडें होतें. तिनें तें चुलीपाशीं ठेवलें, आमच्याकडे पाहून हात जोडले, आणि ती त्या बाईच्या शेजारीं खालीं फरशीवर बसली. तिनें बाईच्या पाठीवर हात ठेवला आणि ती गप्प राहिली. बराच वेळ गेला. मग ती म्हणाली, "बाय, दोन घास खा. पोरांसाठीं खा." एवढें ऐकतांच त्या बाईनें तिच्या खांद्यावर डोकें टाकलें व हंबरडा फोडला. मंडळींतील एकीनें आम्हांस मागाहून सांगितलें कीं, गांवाहून परत आल्यापासून ती त्या दिवशीं पहिल्यानेंच रडली.

रडणें ओसरल्यावर तिनें आमच्याकडे पाहिलें व विचारलें, "पाळकसाहेब, हे उपासनेला यायचे, पण बाप्तिस्मा घेतला नव्हता. आतां ते कोठें असतील?"

आम्ही पाऊण तास बोललों होतों, पण तिच्या मनांत जो एकच प्रश्न होता त्याला आम्हीं हातही लावला नव्हता. त्या वेळीं आमच्या तोंडून एवढेंच निघालें, "ताई, आम्हांस ठाऊक नाहीं." परत येतांना आम्हांस ह्या उत्तराची फार लाज वाटली. आज मात्र आमच्या त्या दिवसाच्या सर्व बोलण्यांत तेंच एक वाक्य आम्हांस प्रामाणिक वाटतें. तें तसें कां वाटतें, हें पुढें सांगतों.

पहिला प्रश्न असा कीं, ख्रिस्ती मनुष्यानें रडावें काय? आमच्या लोकांत अशी एक समजूत आहे कीं, ज्याला पुनरुत्थानाची आशा आहे त्यानें डोळ्यांत पाणी आणणें म्हणजे विश्वासाला बट्टा लावणें. विधवा झालेली बाई रडली नाहीं म्हणजे तिची वाहवा होते. बापानें मुलाच्या कबरेवर माती टाकतांना स्वर थरथरूं दिला नाहीं म्हणजे त्याला विश्वासांत खंबीर म्हणतात. ऊर बडवून घेण्याच्या जुन्या चालीपासून आपले वाडवडील दूर झाले हें चांगलें झालें. परंतु चाल सोडतांना आंसवेंही सोडावीं असें शास्त्र कोठें सांगतें? आब्राहामानें सारेसाठीं शोक केला. दावीद अबशालोमासाठीं वेशीवरच्या खोलींत चढून रडला, आणि तो मुलगा तर बापावर उठलेला होता. स्तेफनाला मरतांना आकाश उघडलेलें दिसलें. तरी त्याला पुरणाऱ्या भक्तिमान् माणसांनीं त्याच्यासाठीं मोठा विलाप केला, असें प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलें आहे. तो प्रभूजवळ गेला ह्याची त्यांना शंका होती काय? मुळींच नव्हती. पण त्यांच्यामधून गेला म्हणून तीं माणसें रडलीं.

सर्वांहून मोठी गोष्ट बेथानी गांवची. लाजराच्या कबरेपाशीं प्रभु उभा होता. घटकाभरानें लाजर जिवंत बाहेर येणार आहे हें त्याला ठाऊक होतें. आशेमुळें आंसवांची गरज उरत नाहीं असें जर असतें, तर तीं त्या जागीं सर्वांत कमी लागलीं असतीं. कारण तेथें आशा दूरची नव्हती, घटकेवर आलेली होती. तरीही मरीयेला व तिच्याबरोबरच्या लोकांना रडतांना पाहून त्याच्या डोळ्यांना धार लागली. म्हणून आम्ही बोधकबंधूंस सांगतों कीं, शोकगृहीं कोणासही "रडूं नका" असें म्हणूं नका. पौल थेस्सलनीका येथील मंडळीला शोक करण्याची मनाई करीत नाहीं. आशा नसलेल्या लोकांसारखा शोक करूं नका, इतकेंच तो सांगतो. एपफ्रदीत आजारांतून वांचला नसता तर आपणांस दुःखावर दुःख झालें असतें, हें फिलिप्पैकरांस लिहिण्याची त्या थोर प्रेषिताला लाज वाटली नाहीं. मग आमच्या खेड्यांतील आयाबहिणींना ती कां वाटावी?

दुसरा प्रश्न ह्याहून कठीण आहे. "ही देवाची इच्छा" असें शोक करणाऱ्यास सांगावें काय? हें वाक्य आमच्या जिभेवर इतकें रुळलें आहे कीं, तें म्हणतांना आपण काय म्हणतों ह्याचा विचारही कोणी करीत नाहीं. आमचे शेजारी म्हणतात, "नशिबांत होतें." आम्ही नशीब हा शब्द टाकून दिला, आणि त्याच जागीं देवाचें नांव ठेवून दिलें, अर्थ मात्र पुष्कळदां जुनाच राहिला. पण देव म्हणजे नशीब नव्हे. रस्त्यावरील उघड्या खड्ड्यांत कोणाचें पोर पडून मेलें, यंत्राला पुरेसें संरक्षण नसल्यामुळें कोणा मजुराचा हात व मग जीव गेला, गाडी वेळेवर न मिळाल्यामुळें कोणी बाळंतीण वाटेंत मेली, तर हीं माणसांचीं पापें व हयगयी देवाच्या माथीं मारणें हें भक्तीचें लक्षण आहे काय? ह्या लहानांपैकीं एकाचाही नाश व्हावा अशी स्वर्गांतील बापाची इच्छा नाहीं, असें प्रभूनें स्पष्ट सांगितलें. शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसें मेलीं, तेव्हां तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, ह्या प्रश्नाचें उत्तर त्यानें "नाहीं" असें दिलें, आणि ऐकणाऱ्यांस आपापल्या पश्चात्तापाकडे वळविलें. मेलेल्यांचा हिशेब त्यानें मांडला नाहीं.

कोणी म्हणेल, "गेथशेमाने बागेंत प्रभूनेंच पित्याच्या इच्छेला मान दिला ना?" होय, दिला. परंतु तो प्याला कोणाचा होता हें पाहावें. तो त्याचा स्वतःचा होता. जो दुःख भोगीत आहे त्यानें गुडघे टेकून, झगडून, घाम गाळून शेवटीं "तुझ्या मनास येईल तसें होवो" असें म्हणावें, ह्यासारखी दुसरी प्रार्थना नाहीं. पण तीच गोष्ट शेजाऱ्यानें चहाचा पेला हातीं घेऊन दुसऱ्याच्या प्याल्याविषयीं म्हणावी, ह्यांत काय पुण्य आहे? तें वाक्य शोक करणाऱ्याच्या तोंडीं आपण घालूं नये. त्याच्या वेळेनें तें त्याच्या तोंडून आलें, तर आपण मान लववून "आमेन" म्हणावें.

ईयोबाच्या मित्रांची गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. ते दुरून आले, आणि सात दिवस व सात रात्री त्याच्यापाशीं जमिनीवर बसले. कोणी एक शब्दही काढला नाहीं. तोपर्यंत ते खरे मित्र होते. तोंड उघडल्यावर ते वकील झाले, आणि वकील तरी कोणाचे? देवाचे! देवाचा न्याय शाबीत करण्यासाठीं त्यांनीं आपल्या मित्राला गुन्हेगार ठरविलें. पुस्तकाच्या शेवटीं देवाचा राग कोणावर पेटतो? देवाशीं भांडणाऱ्या ईयोबावर नव्हे, तर देवाची बाजू घेणाऱ्या ह्या पंडितांवर. ईयोबानें त्यांच्यासाठीं प्रार्थना करावी, तेव्हांच त्यांची सुटका. आम्ही बोनकोड्याच्या त्या खोलींत स्टुलावर बसलों होतों, आणि ती आगरी बाई जमिनीवर. ईयोबाचे मित्र पहिल्या सात दिवसांत कोठें बसले होते हें जर आम्हांस त्या वेळीं आठवलें असतें, तर बरें झालें असतें.

ह्यावरून कोणी असें समजूं नये कीं, दुःखांतून देव कांहींच निष्पन्न करीत नाहीं. पंडिता रमाबाईंचें चरित्र आमच्या वाचकांस परिचित आहे. तरुण वयांत दुष्काळाच्या हालांत त्यांचे वडील, आई व बहीण हीं गेलीं. १८८० सालीं पाठचा आधार असा एकच भाऊ, तोही गेला. त्याच सालीं विवाह झाला, आणि दोन वर्षेंही पुरीं झालीं नाहींत तोंच फेब्रुवारी १८८२ मध्यें पति बिपिनबिहारी मेधावी पटकीनें वारले. कडेवर लहानगी मनोरमा होती. ह्या बाईनें पुढें १८८९ सालीं मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि १८९६ सालापासून पडलेल्या दुष्काळांत उपाशी मुली व विधवा शेंकड्यांनीं गोळा करून केडगांवीं आणिल्या. भूक म्हणजे काय, आणि भुकेनें मेलेल्या आईबापांमागें उरणें म्हणजे काय, हें तिला पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. करिंथकरांस लिहितांना पौल म्हणतो कीं, आपणांस देवाकडून जें सांत्वन मिळालें त्यानेंच आपण इतर पीडितांचें सांत्वन करावें. त्या वचनाचा अर्थ केडगांवीं पाहावयास मिळाला.

परंतु येथें आम्ही एक पायरी जपून टाकितों. रमाबाईंचे आईबाप भुकेनें मरावे म्हणूनच देवानें दुष्काळ पाठविला, कारण त्यांतून मुक्तिसदन निघावयाचें होतें, असें आम्ही कदापि म्हणणार नाहीं. जो बाप एका मुलीला शिकविण्यासाठीं तिच्या घरच्यांना उपाशी मारतो, त्याला कोणी बाप म्हणत नाहीं. आम्ही इतकेंच म्हणतों कीं, जें घडलें तें वाईटच होतें. आणि देवानें त्या वाईटाला शेवटचा शब्द बोलूं दिला नाहीं. आणखी हेंही लक्षांत ठेवावें कीं, इतकें काम होऊनही रमाबाईंच्या वांट्याचें दुःख संपलें नाहीं. २४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाही आईच्या आधीं गेली. आई पुढें बायबलाच्या भाषांतराचें काम करीत राहिली, आणि ५ एप्रिल १९२२ रोजीं तिनेंही डोळे मिटले. तेव्हां "देवानें तुमचें दुःख कांहीं तरी चांगल्यासाठीं योजिलें आहे, तें लवकरच दिसेल" असें वचन कोणास देऊं नये. तें दिसेल कीं नाहीं, आणि ह्या आयुष्यांत दिसेल कीं नाहीं, हें आपल्या हातीं नाहीं.

आतां त्या बाईच्या प्रश्नाकडे येऊं. बाप्तिस्मा न घेतां जो मेला त्याच्याविषयीं काय सांगावें? आमच्या नव्या विश्वासणाऱ्यांत असें घर क्वचित् सांपडेल कीं जेथें हा प्रश्न नाहीं. कोणाची आई, कोणाचा भाऊ, कोणाचा आजा. कांहीं बोधक कडक उत्तर देतात, आणि तें सत्यनिष्ठा म्हणून देतात. कांहीं गोड उत्तर देतात, आणि तें दया म्हणून देतात. दोघेही एकच चूक करितात असें आम्हांस वाटतें. दोघेही अशा आसनावर बसतात जें त्यांचें नव्हे. एक जण नरकाची किल्ली फिरवितो, दुसरा स्वर्गाची. आणि किल्ली तर दोघांपैकीं कोणाच्याही हातीं दिलेली नाहीं.

मग आपल्या हातीं काय आहे? तीन गोष्टी आहेत. पहिली ही कीं, सर्व पृथ्वीचा न्यायाधीश न्यायच करील, असा भरंवसा सदोमाविषयीं बोलतांना आब्राहामानें धरिला, आणि तो आपणांसही धरतां येतो. दुसरी ही कीं, प्रभूच्या शेजारीं वधस्तंभावर टांगलेल्या चोराला बाप्तिस्मा घेण्यास ना पाणी मिळालें ना वेळ मिळाला. त्याचें एक वाक्य ऐकून प्रभूनें त्याला त्याच दिवसाचें वचन दिलें. दाराशीं बसणाऱ्या त्या मनुष्यानें शेवटच्या रात्रीं मनांत काय म्हटलें, हें त्याच्या बायकोला ठाऊक नाहीं, आम्हांसही नाहीं, प्रभूला आहे. तिसरी ही कीं, त्या मनुष्यावर त्याच्या बायकोचें जितकें प्रेम आहे, त्याहून ज्यानें त्याला घडविलें त्याचें प्रेम कमी असणार नाहीं. ह्या तीन गोष्टींपुढें आम्हांस एक पाऊलही टाकतां येत नाहीं. आणि ह्यांच्या मागें राहण्याचेंही कारण नाहीं. "आम्हांस ठाऊक नाहीं" ह्या वाक्याला "पण ज्याला ठाऊक आहे तो चांगला आहे" हें दुसरें वाक्य जोडावयास आम्ही त्या दिवशीं विसरलों. पुढें पत्रांतून तें तिला लिहिलें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो योग्य आहे. "असें बोलूं लागलों तर बाप्तिस्म्याची किंमत काय राहिली? लोक म्हणतील, दाराशीं बसलें तरी चालतें." ह्याचें उत्तर असें: बाप्तिस्म्याची निकड जिवंत मनुष्यास सांगावी, आणि ती त्याच्या अंगणांत, त्याच्या शेतांत, त्याच्या भावांच्या देखत सांगावी. त्या मनुष्याच्या भावांकडे जाऊन आम्हीं एकदां तरी प्रेमानें बोलणें केलें असतें, तर कदाचित् तो दारांतून आंत आला असता. तें आम्हीं केलें नाहीं. जिवंतपणीं जें आपण सांगावयाचें टाळिलें, तें त्याच्या विधवेच्या कानीं मोठ्यानें सांगणें म्हणजे आपल्या आळसाचें कर्ज तिच्याकडून वसूल करणें होय.

विधवांविषयीं आणखी एक गोष्ट. नवऱ्याचा मृत्यु झाला म्हणजे बाईच्या बांगड्या फोडाव्या, कुंकू पुसावें, मंगळसूत्र काढून घ्यावें, ही चाल ज्या समाजांतून आमचे लोक आले तेथें होती, आणि कांहीं ख्रिस्ती घरांतूनही ती मागच्या दारानें आंत आली आहे. एकीकडे पुनरुत्थानाचें गीत म्हणावें, आणि दुसरीकडे चार बायकांनीं तिचे हात धरून चुडा फोडावा, हें कसलें सांत्वन? मे २०२२ मध्यें कोल्हापूर जिल्ह्यांतील शिरोळ तालुक्यांतल्या हेरवाड ह्या गांवानें ग्रामसभेंत ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि महाराष्ट्र सरकारनें इतर गांवांस त्याचा कित्ता गिरविण्यास सांगितलें. रमाबाईंचें नांव घेणाऱ्या मंडळ्यांनीं ह्या कामीं हेरवाडच्या मागें राहावें, हें शोभत नाहीं. बोधकानें अशा वेळीं नम्रपणें पण ठामपणें उभें राहावें. त्या दिवशीं त्यानें दुसरें कांहीं केलें नाहीं तरी पुष्कळ केलें.

मग शोकगृहीं करावें काय? आमच्या अल्प अनुभवावरून थोडें सांगतों. लवकर जावें. खालीं बसावें. प्रथम कांहीं बोलूं नये; हात धरावा, किंवा नुसतें शेजारीं असावें. शोक करणारा बोलूं लागला म्हणजे ऐकावें, आणि त्यानें तीच गोष्ट दहा वेळां सांगितली तरी दहाव्या वेळींही ऐकावी. यापो येथील विधवा दुर्कसेनें शिवलेलीं वस्त्रें पेत्राला एकेक करून दाखवीत होत्या. पेत्रानें त्यांना "आधीं प्रार्थना करूं, मग वस्त्रें पाहूं" असें म्हटल्याचें लिहिलेलें नाहीं. मेलेल्या मनुष्याचें नांव घ्यावें. तें टाळूं नये. आपण नांव घेतल्यानें घरच्यांस त्याची आठवण होईल ही भीति व्यर्थ आहे, कारण ते त्याला विसरलेलेच नसतात. एखादें लहानसें स्तोत्र वाचावें, चार वाक्यांची प्रार्थना करावी, आणि उठावें.

हातांनीं करावयाचेंही पुष्कळ असतें. ज्या घरीं चूल पेटली नाहीं तेथें शेजारणींनीं भाकरी-पिठलें नेण्याची आपल्या महाराष्ट्राची चाल आहे; ती ख्रिस्ती मनुष्यानें अवश्य पाळावी, आणि अख्रिस्ती शेजाऱ्याच्या घरींही पाळावी. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आंत करावयाची असते. दुःखांत बुडालेल्या माणसांस त्याचें भान नसतें. दाखला, बँकेचें खातें, कामाच्या ठिकाणचे पैसे, शिधापत्रिका, ह्यांसाठीं कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागतात. बोधकास लिहितां-वाचतां येतें. त्यानें ह्या कामांत बरोबर जावें. बोनकोड्याच्या त्या घरमालकिणीच्या मुलानें त्या बाईसोबत चार खेपा घातल्या, तेव्हां पैसे मिळाले. आम्ही त्यांपैकीं एकही खेप घातली नाहीं, हेंही येथें कबूल करणें बरें.

आणि परत जावें. पहिले दहा-बारा दिवस घर माणसांनीं भरलेलें असतें. दुःख त्यानंतर घरीं राहावयास येतें. महिन्यानें, सहा महिन्यांनीं, पहिल्या नाताळास, मृत्यूच्या दिवशीं, अशा वेळीं जो दार ठोठावतो तो खरा सांत्वनकर्ता. २०२० व २०२१ सालीं करोनाच्या सांथींत अंत्यविधीला २० पेक्षां अधिक माणसें जमण्यास मनाई होती; किती तरी लोकांस आपल्या माणसाचें तोंडही पाहावयास मिळालें नाहीं. त्या घरांतील शोक अद्यापि कोंडलेला आहे. एवढीं वर्षें गेलीं, आतां काय जावयाचें, असें मनांत आणूं नये. जाऊन म्हणावें, "त्या वेळीं येतां आलें नाहीं, आज तुमच्या वडिलांविषयीं ऐकावयास आलों."

ज्या पट्टींत बोनकोडे आहे, त्या पट्टीनेंही हें आम्हांस शिकविलें. १६ व १७ जानेवारी १९८४ रोजीं उरण तालुक्यांत जमिनीच्या लढ्यांत ५ शेतकरी गोळीबारांत मेले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील २०१३ सालीं वारले. परंतु दर वर्षीं त्या तारखांस लोक जमतात व मेलेल्यांचीं नांवें घेतात. आमच्या किती मंडळ्या आपल्या मेलेल्यांचीं नांवें वर्षांतून एकदां तरी प्रार्थनेंत घेतात?

कोणी विचारील, तर मग पुनरुत्थानाविषयीं आपण गप्पच बसावें काय? नाहीं. ती आशा नसती तर आमचें हें सारें बसणें व रडणें एका काळोखांत दुसऱ्या काळोखानें सोबत करण्यासारखें झालें असतें. पण ज्याचे हात थरथरत आहेत त्याच्या हातीं भरलेली घागर लगेच देत नाहींत; त्याच्या हातांना बळ येईपर्यंत ती आपण धरून उभें राहतों. शोक करणाऱ्याला कांहीं दिवस विश्वास धरतां येत नाहीं, गीत गातां येत नाहीं, प्रार्थनेला शब्द सांपडत नाहींत. त्या दिवसांत मंडळीनें त्याच्यासाठीं विश्वास धरावा, त्याच्यासाठीं गावें, त्याच्यासाठीं मागावें. मंडळी त्यासाठींच आहे. मग तो आपण होऊन हात पुढें करील, तेव्हां ती घागर त्याची त्याला द्यावी.

बोधकबंधूंनो, पुढच्या वेळीं शोकगृहाचा उंबरा ओलांडतांना धास्ती वाटली तर ती वाईट नाहीं. ती धास्ती घेऊनच आंत जा. उत्तरें घेऊन गेलों नाहीं म्हणून लाजूं नका. नाईन गांवच्या वेशीवर प्रभूनें त्या विधवेला उपदेश करण्याच्या आधीं तिचा कळवळा केला, आणि तिरडीला हात लाविला. तुमच्या गांवांत ह्या वर्षीं ज्या ज्या घरीं कोणी मेलें असेल, त्यांचीं नांवें आज एका कागदावर लिहा, आणि ह्या आठवड्यांत त्यांतील एका घरीं जाऊन बसा.